तेलाचा काटा

यवतमाळ
३ ऑगस्ट १९९८

ताई,

पार्सल मिळालं. खोक्यावर तुझं अक्षर पाहिलं आणि पहिल्यांदा मनात आलं, आता गाडीवरून नोटीस आली. आभा म्हणाली, "नोटीस एवढी जड असते का? उघडा आधी." उघडलं तर आत मीटर, डिपस्टिकच्या जागी बसणारी ती जाड काडी, वायरचं वेटोळं आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठीला ना मायना, ना खुशाली. "एकशेदहापर्यंत निर्धास्त चालव. एकशेवीसला वेग कमी कर. एकशेतीसला थांब. – रजनी." पॉलिटेक्निकातली मुलं तुला घाबरतात म्हणतात, ते खरं असणार.

वर्षभरात तू मला लिहिलेल्या ओळी एवढ्याच. तरी मी त्या आभाला मोठ्याने वाचून दाखवल्या.

भीमराज मिस्त्रीने काल मीटर बसवलं. अण्णा आपल्या या गाडीला कुणाला हात लावू देत नसत, म्हणून तो आधी लांबूनच पाहत होता. मी त्याला समजावून सांगितलं की हिला रेडिएटर नाही, पाणी नाही. मागच्या इंजिनाला पंख्याची हवा थंड करते आणि उरलेली उष्णता तेल ओढून घेतं, म्हणून तेल किती तापलं हे कळायला हवं. सांगताना लक्षात आलं की ही सगळी वाक्यं तुझी आहेत. अंगणात तू इंजिन उघडून बसायचीस आणि मी पायरीवर बसून ऐकायचो. हात काळे करायची माझी तयारी कधीच नव्हती.

तेरवीच्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोललो, "चालवता येते म्हणून गाडी तुझी होत नाही," ते बोलायला नको होतं. अण्णांनी मला गाडीबद्दल काही सांगितलं नव्हतं, तुला सांगितलं होतं म्हणतेस. असेल. मी त्या दिवशी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. आज एवढंच लिहितो.

गाडी नीट ठेवली आहे. रोज पुसतो. गावातली पोरं अजून तिला बेडूकगाडीच म्हणतात. बाजारापर्यंत नेऊन आणली तर काटा ऐंशीच्या वर जात नाही. आता लांबच्या रस्त्यावर नेऊन पाहतो आणि कळवतो.

नरहर

*

यवतमाळ
१९ ऑगस्ट

ताई,

तुझ्या मीटरची परीक्षा झाली, आणि ती अशी होईल असं वाटलं नव्हतं.

परवा घाटंजीला कोर्टात एका अशिलाची तारीख होती. एरवी मी एसटीने जातो, पण म्हटलं, काटा पाहू. जाताना उतार, हवा ढगाळ, शंभरच्या आत. काम लवकर आटोपलं म्हणून दुपारीच निघालो. परतीच्या वाटेवर रस्त्यालगत एक तांडा आहे. तिथे एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून दुपट्टा हलवत होता. मी हॉर्न दिला, तो हलला नाही.

"साहेब, बायकोले औषध चढलं," म्हणाला. "लाळ गळून राह्यली. दवाखान्यात घेऊन चला."

त्याचं नाव नेमसिंग. कपाशीवर फवारणी चालू होती. बायको, हंसाबाई, ड्रममध्ये औषध कालवून देत होती, तेही उघड्या हाताने. वारं फिरलं आणि सगळं अंगावर आलं. आणली तेव्हा तिला दिसत नव्हतं, घामाने लुगडं भिजलं होतं आणि हातापायांचं मांस नुसतं थरथरत होतं. तिला मागच्या सीटवर आडवी केली. डोकं मांडीवर घ्यायला मथुराबाई म्हणून तिची जाऊ बसली, नेमसिंग पायाशी कोंबून बसला. मागून त्यांची मुलगी "याडी, याडी", म्हणजे आई, आई, करत धावत आली. तिला कुणीतरी धरून ठेवलं.

यवतमाळच्या अलीकडचा चढ तुला आठवतो. चार माणसं, दुपार, चढ. काटा एकशेतीसच्या पुढे गेला आणि गाडी बंद पडली. मागून एसटी आली. ड्रायव्हर भला माणूस. स्टँडवर न जाता त्याने बस भरल्या प्रवाशांनिशी थेट सरकारी दवाखान्यात नेली. गाडी जरा निवल्यावर मीही मागोमाग पोचलो. डॉक्टरांची इंजेक्शनं चालू होती. हंसाबाई वाचेल असं म्हणतात.

आभाने ही हकीकत गल्लीभर सांगितली. कोर्टातही पोचली. बाररूममध्ये मंडळींनी चहा पाजला.

इंजिनाला काही झालेलं दिसत नाही. तेल बदलून घेतलं.

नरहर

*

यवतमाळ
८ सप्टेंबर

ताई,

तुझं चार पानी पत्र आलं. मायना होता. "प्रिय नरू" असा. आभाने ते देवापाशी ठेवलं, मी उचलून आणलं, तिने परत नेऊन ठेवलं.

दिवाळीला येते म्हणतेस, यापेक्षा मोठी बातमी या घरात वर्षभरात नाही. वरची खोली आभाने आत्ताच झाडायला काढली. "अण्णांनी हेच केलं असतं, तू त्यांचाच मुलगा," असं तू लिहिलंस. ते वाचून मी पत्राची घडी घातली आणि बराच वेळ पुढचं वाचलं नाही.

पुढे तू गाडीचं लिहिलं आहेस. चढावर खालचा गिअर टाकायचा, कारण इंजिन जोरात फिरलं की पंखाही जोरात फिरतो. आणि तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही, कारण पंखा इंजिनावरच चालतो; इंजिन थांबलं की हवाही थांबते आणि उष्णता आतल्या आत कोंडते. हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे तू कधीतरी सांगितलं असशील, मी पायरीवर बसून ऐकलं नसेल.

शेवटी तू विचारतेस, "गाडी बंद पडली की तू बंद केलीस? एवढी तापून आपोआप बंद पडलेली गाडी जरा निवल्यावर सहज चालू होत नाही." तू मास्तरीणच. केली म्हण हवं तर. त्या गडबडीत कोण काय लक्षात ठेवतो!

दुसरंच सांगतो. रविवारी सकाळी नेमसिंग घरी आला. हंसाबाईला मशीनवर ठेवावं लागलं होतं, श्वास मध्येच अडत होता म्हणून. आता ती धोक्याबाहेर आहे, घरी नेली आहे. पण हातांचा कंप गेलेला नाही, वाटी धरली तर पाणी सांडतं. डॉक्टर म्हणतात, हळूहळू जाईल.

मला वाटलं, दवाखान्याच्या काही कागदासाठी आला असेल. तो फाटकाशीच चपला काढून उभा राहिला. "साहेब, गाडी कशी हाये?" म्हणाला.

मी म्हटलं, "ठीक आहे."

"आमच्यापायी तुमची गाडी बंद पडली. तीन मानसं मांगं बसलो, वजन झालं. मी पायी धावलो असतो त भागलं असतं. माह्या मनातून ते जाऊन नाही राह्यलं."

ताई, तो माफी मागायला आला होता. तांड्यावरून, एसटीने.

मी म्हटलं, अहो असं काही नाही. तर म्हणाला, सीट दाखवा. त्या दिवशी हंसाबाईला मागच्या सीटवर उलट्या झाल्या होत्या. मी गाडी धुवून घेतली होती, पण शिवणींमध्ये वास राहिला होता आणि मी ती सीट काढून मागच्या अंगणात उन्हात टाकली होती. त्याला ती दिसली. त्याने बादली मागितली. आभाने "राहू द्या हो" म्हटलं, मीही म्हटलं. त्याने बाह्या सारल्या आणि उकिडवं बसून ब्रशने एकेक शिवण घासली. मध्येच म्हणाला, "बाईमानसाले लाज वाटते ना साहेब, परक्या गाडीत असं झालं त. ती मले घरी रोज म्हनते, जाऊन धुवून या."

मी तिथेच उभा होतो. आत जाता येईना. आभाने चहा आणला, तो त्याने हात धुवून, बशीत ओतून प्यायला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरकलो, तर त्याला वाटलं मी शिवाशिव पाळतो. तो ओशाळला, आणि मला तेही सांगता आलं नाही की तसं नाही.

दिवाळीच्या गाडीचं रिझर्वेशन आधीच कर. धामणगाव स्टेशनवर घ्यायला येतो.

नरू

*

यवतमाळ
२० सप्टेंबर

ताई,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. वाचून तू दिवाळीला यायचं की नाही ते ठरव.

काटा एकशेतीसच्या पुढे गेला नव्हता. एकशेचोवीस-पंचवीस असेल. तुझी चिठ्ठी डॅशबोर्डला चिकटवलेली होती, डोळ्यांसमोर. एकशेवीसला वेग कमी कर. मी वेग कमी केला नाही, थांबलो. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. गाडी बंद पडली नाही. मी बंद केली.

नेमसिंगने विचारलं, "काय झालं साहेब?"

मी म्हटलं, "बंद पडली."

तो उतरला. "ढकलू का?" म्हणाला. मी म्हटलं, उपयोग नाही, इंजिन तापलंय. त्याने मागचं झाकण पाहिलं, त्याला त्यातलं काय कळणार! मग तो रस्त्यावर पुढे पळत गेला, परत आला, परत गेला. मथुराबाई पदराने हंसाबाईचं तोंड पुसत होती आणि काहीतरी म्हणत होती, त्यांच्या बोलीत. मी बाहेर झाडाखाली उभा राहिलो आणि खिडकीतून मीटरकडे पाहत राहिलो. गाडी बंद, तर मीटरही बंद. मी एका मेलेल्या काट्याकडे पाहत होतो. शेवटी एसटी आली. तिची वाट किती पाहिली ते सांगत नाही, कारण मला ते माहीत नाही. आणि ते कमी होतं असं म्हणायचा मोह होतो.

बसमधली माणसं खाली उतरली. कुणीही विचारलं नाही की ही कोण. चौघांनी तिला उचलली. एका बाईने बाळ शेजारणीकडे देऊन स्वतःची जागा रिकामी केली. बस गेली. मग मी गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली.

मी त्या बसच्या मागे-मागे गेलो, ताई. पूर्ण चढभर. गाडी व्यवस्थित चालत होती.

दवाखान्यात नेमसिंगने मला पाहिलं आणि म्हणाला, "चालू झाली का साहेब? बरं झालं." बायको आत होती, आणि तो माझ्या गाडीचं बरं झालं म्हणाला.

त्यानंतर मी एकदा वॉर्डच्या डॉक्टरांना गाठलं. आधी आणलं असतं तर मशीन लागलं नसतं का, असं विचारलं. ते म्हणाले, "अशा केसमध्ये लवकर आणलेलं केव्हाही चांगलं. पण यांना मशीन लागलं असतं की नसतं, हे कुणी सांगू शकणार नाही." त्यांनी मला मोकळं केलं नाही आणि पकडलंही नाही. कोर्टात याला संशयाचा फायदा म्हणतात. मी तो आयुष्यभर अशिलांसाठी मागत आलो.

तू मला अण्णांचा मुलगा म्हणालीस. माझ्या नावावर जमा झालेलं ते वाक्य काढून घे. बाररूममधले लोक अजून ओळख करून देतात, "हे ते, त्या बाईला वाचवणारे." मी हसतो. हसू आपोआप येतं.

आभाला अजून सांगितलं नाही. आज सांगेन.

नरहर

*

यवतमाळ
६ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "दिवाळीला येत नाही. हंसाबाईला सांगितलंस का?" एवढंच. मी रागावलो नाही. वरच्या खोलीत आभाने पसरलेली गादी गुंडाळून ठेवली. मी सांगितल्यापासून ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मात्र कार्ड वाचून म्हणाली, "रजनीताईंनी बरोबर विचारलं."

काल तांड्यावर गेलो. गाडीने नाही, एसटीने. घराबाहेर बाज टाकलेली होती, तिच्यावर हंसाबाई बसली होती, शेंगा निवडत. हात थरथरत होते, शेंग बोटांतून निसटत होती, ती पुन्हा उचलत होती. मी तिला पहिल्यांदाच धडपणे पाहत होतो. माझ्याहून लहान असेल, चाळिशीची. नेमसिंगने धावत जाऊन खुर्ची आणली, पाणी आणलं. मी बसलो नाही.

कोर्टात मी तासन्‌तास बोलतो. तिथे मला चार वाक्यं नीट बोलता आली नाहीत. म्हटलं, नेमसिंग, त्या दिवशी गाडी बंद पडली नव्हती, मी बंद केली होती. चालली असती. मी खोटं बोललो.

त्याला आधी समजलंच नाही. "तापली होती ना साहेब?"

"तापली होती. पण चालली असती."

"मंग काहून बंद केली?"

ताई, मी तुला मागच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं. तो प्रश्न तूही विचारला नव्हतास. मी इंजिनासाठी थांबलो हे अर्धंच खरं आहे. मागून तिच्या घशाचा आवाज येत होता, घरघर. मला वाटलं, ही आता जाणार. माझ्या गाडीत जाणार. मग पोलीस, पंचनामा, माझा जबाब, कोर्टात कुजबुज, आणि अण्णांच्या गाडीत एक मेलेलं माणूस. काट्याने मला एक सबब दिली. एकशेचोवीसवर मी ती घेतली.

हे मी त्याला सांगितलं. तिच्या समोर. सांगायला नको होतं की हवं होतं, मला आजही कळत नाही.

मला वाटलं नेमसिंग अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे नाही, जमिनीकडे पाहत होता. मग हळू म्हणाला, "साहेब, मी तुमची सीट धुतली."

एवढंच. आणि उठून वावराच्या वाटेला लागला. खुर्ची तशीच राहिली.

मी जायला वळलो तर हंसाबाई म्हणाली, "मले मालूम होतं."

मी थांबलो.

"दिसत नव्हतं मले, पन आयकू येत होतं. माहं डोस्कं इंजिनापाशीच होतं ना. चालतं इंजिन होतं, अन् चाबीचा आवाज आला. खट्ट." तिने शेंग खाली ठेवली. "बंद पडनारी गाडी कशी बंद पडते, ते आमाले समजते. ट्रॅक्टर रोजच पडतेत."

"मग तुम्ही यांना सांगितलं का नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी एखादा फार सोपा हिशेब चुकलो असावा, तसं.

"तेव्हा तोंड उघडत नव्हतं. नंतर सांगतलं असतं त त्यानं तुमच्या घरी येऊन भांडन केलं असतं. तुमी वकील. तो जेलात गेला असता. मले कोनं पाहिलं असतं?" मग म्हणाली, "अन् मले तुमची लाज वाटत होती. तुमच्या गाडीत घान केली म्हनून. चाबीचा आवाज आयकला तरी लाज मलेच वाटली. काहून वाटली असंल?"

ती उत्तरासाठी थांबली नाही, शेंगांकडे वळली.

परत येताना एसटीत बसायला जागा होती. मी उभाच आलो.

नरहर

*

यवतमाळ
२९ ऑक्टोबर

ताई,

तुझ्याकडून पत्र नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो. तरी हे कळवायलाच हवं.

काल जेवण आटोपून हात धूत होतो, तेवढ्यात फोन वाजला. आभाने घेतला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, "बाईमाणूस आहे."

"वकीलसाहेब बोलून राह्यले का?" पलीकडून आवाज. "मी हंसाबाई. सेवादासले औषध चढलं. एसटीले टाइम हाये. गाडी आना."

मी "हो, आलो" म्हणेपर्यंत तिने ठेवून दिला होता. गावातल्या एसटीडी बूथवरून केला असणार. माझा नंबर तिच्याकडे कसा, तर दवाखान्यात भरती करताना नेमसिंगने माझं नाव-नंबर लिहून घेतला होता. आभार मानायला यायचं होतं ना त्याला.

आभा म्हणाली, "थांबा," आणि घरातल्या दोन जुन्या चादरी, पाण्याची कळशी आणि साबण गाडीत टाकला. या महिन्यात तिने माझ्यासाठी आपणहून पहिल्यांदाच काही केलं.

सेवादास म्हणजे नेमसिंगचा धाकटा भाऊ, मथुराबाईचा नवरा. बोंडअळीसाठी शेवटची फवारणी म्हणून एकटाच गेला होता. मी पोचलो तेव्हा त्याला रस्त्याकडेच्या लिंबाखाली आणून ठेवलं होतं, कपडे काढून, अंग धुवून. हे शहाणपण त्यांना दवाखान्यातून आलं, हंसाबाईच्या वेळचं. नेमसिंगने त्याला उचलून मागे ठेवला. माझ्या खांद्याजवळून वाकला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, बसा. तो म्हणाला, "मी एसटीनं येतो." माझ्या गाडीत तो बसला नाही. मथुराबाई नवऱ्याचं डोकं घेऊन मागे बसली.

हंसाबाई पुढे बसली, माझ्या शेजारी. तिचे हात मांडीवर, एकात एक अडकवलेले, तरी हलत होते. ती पूर्ण रस्ताभर समोर पाहत होती.

चढ लागला. काट्याकडे पाहिलं, ताई. खोटं कशाला सांगू, पाहिल्याशिवाय राहवत नाही. एकशेवीस ओलांडला. मी तू लिहिल्याप्रमाणे दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडायला लागलं, पंख्याचा आवाज वाढला. वेग बैलगाडीसारखा. काटा आणखी थोडा चढला आणि तिथेच थांबला, वर गेला नाही. मागे मथुराबाई नवऱ्याशी बोलत होती, त्याला झोपू देत नव्हती. मला तोच घशाचा आवाज ऐकू येत होता. मनात पुन्हा तेच येऊन गेलं: हा इथे गेला तर. हो, परत आलं. एकदा सगळं कबूल केलं की असले विचार यायचे थांबतील अशी माझी समजूत होती. ते थांबले नाहीत; गाडी चालत राहिली, एवढंच.

दवाखान्यात स्ट्रेचर आलं, सेवादासला आत नेलं. मथुराबाई त्याच्यामागे गेली. नेमसिंग बऱ्याच वेळाने एसटीने आला, माझ्यासमोरून आत गेला. मी व्हरांड्यात भिंतीशी उभा राहिलो. काय करायचं ते कळत नव्हतं; जावं तरी कसं आणि थांबावं तरी कशासाठी. ऊन उतरायला लागलं तशी हंसाबाई बाहेर आली.

"इंजेक्शनं देऊन राह्यले," म्हणाली. "डाक्टर म्हनते, टायमावर आनलं. सकाळपर्यंत काई सांगत नाही."

"मी थांबतो," मी म्हटलं.

"कायले?"

मी खिशातली गाडीची किल्ली काढून हातात धरली.

"तुमी जा आता. लागलं त फोन करीन." तिने आभार मानले नाहीत. माफ केल्याचंही काही बोलली नाही, आणि माझी विचारायची हिंमत नव्हती. पदर सावरून ती वळली, दाराशी गेली, आणि काहीतरी आठवल्यासारखी परत आली.

"मांगची खिडकी उघडत नाही तुमच्या गाडीची," ती म्हणाली. "आतला मानूस गुदमरते. त्या दिवशी माहाही जीव घाबरा झालता. तेवढं करून ठेवा."

आज सकाळी दवाखान्यात जाऊन आलो, बाहेरूनच विचारलं. सेवादास शुद्धीवर आहे. मग भीमराजकडे गेलो. तो म्हणतो, मागची काच रबरात पक्की बसवलेली आहे, उघडायची सोयच नाही, कापावं लागेल आणि कापलं तर पावसाचं पाणी आत येईल. मला त्यातलं काही कळत नाही.

तू घरी ये असं म्हणत नाही. ते मागायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही. गाडी तुझी आहे, ती मी तुला लिहून देईन. पण तांड्याला लागते आहे तोवर ती इथे राहू दे, असं मी मागतो आहे. आणि मागची खिडकी उघडती कशी करता येईल, तेवढं लवकर कळव. चित्र काढून पाठव, म्हणजे भीमराजला समजेल. मलाही.

नरू